बंपरचे अर्धे पैसे खिशातूनच

संपादक महोदय,

अपघातानंतर गॅरेजचे बिल आणि विम्याची रक्कम जुळली नाही की लोक कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. मेख बहुधा घसाऱ्यात, म्हणजे वापरामुळे भागांच्या किमतीत धरलेल्या घटीत असते. ‘झिरो डेप’ (घसारा न कापण्याचे जादा विमा संरक्षण) घेतलेले नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे 50 टक्के कापले जातात, गाडी कोरी करकरीत असली तरी! काचेला मात्र घसारा नाही. पत्र्याच्या भागांना तीन ते चार वर्षांच्या गाडीत 25 टक्के. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममधून सक्तीची 1000 रुपयांची वजावट. सर्व्हेअरने (विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याने) पाहण्याआधी बंपर उतरवू देऊ नका. आतली ब्रॅकेट याच धडकेत मोडली हे मग पटवणे कठीण. आणि ओरखड्यासाठी क्लेम करून 50 टक्क्यांवर पोचलेला नो-क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) घालवणे म्हणजे शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार.

– एक वाचक, नाशिक