बडनेऱ्याला, स्लायगोहून (आयर्लंड)

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सुट्टीच्या दिवशी तू तिथे करतेस काय?" या रविवारी लॉख गिलवर होते. लॉख म्हणजे आयरिश भाषेत तलाव. लांबी ८ किलोमीटरच्या आसपास, रुंदी २. बराचसा आमच्या स्लायगो परगण्यात, पूर्वेचं टोक शेजारच्या लीट्रिम परगण्यात. तिकडून बॉनेट नदी येऊन मिळते. इकडून गॅरव्होग निघते ती गावातून सरळ समुद्राला. साल्मन मासा समुद्रातून याच वाटेने वर चढतो आणि तलाव ओलांडून बॉनेटमध्ये अंडी घालायला जातो.

साल्मनला परवाना लागतो, आणि न्यायचा असेल तर पकडल्या पकडल्या त्याला टॅग लावायचा. पाईक म्हणून एक दातेरी मासा आहे. तो दिवसाला एकच न्यायचा, तोही ५० सेंटिमीटरहून मोठा नको. मोठा गळाला लागला तर परत पाण्यात! तुम्हाला हे कसं पटावं?

याच तलावातलं इनिशफ्री बेट मला ओळखूच आलं नाही. दक्षिण काठाजवळ एक झुडपांचा पुंजका, बस. याच्यावर आयरिश कवी येट्सने १८८८ साली कविता लिहिली, तीही लंडनमध्ये. फ्लीट स्ट्रीटवर एका दुकानाच्या काचेमागे छोटं कारंजं होतं. त्याचा आवाज ऐकला आणि त्याला हे पाणी आठवलं. तिथे झोपडी बांधीन, शेंगांच्या नऊ ओळी लावीन, मधमाश्या पाळीन म्हणतो. नऊ ओळी कुठे मावणार होत्या, देव जाणे. राहायला तो कधीच गेला नाही. पोरवयात एकदा बेटासमोर रात्र काढायची म्हणून संध्याकाळी चालत निघाला आणि रानातल्या खडकावर आडवा झाला. झोप काही लागली नाही. खडक टोचत होता म्हणून नव्हे, राखणदाराच्या धाकाने! घरी परतल्यावर मोलकरीण हसून लोटपोट. तिला वाटलं, स्वारी एखाद्या मुलीबरोबर होती. हे सगळं त्यानेच लिहून ठेवलंय.

आता खरी बातमी. हाच येट्स आपल्या बडनेऱ्याच्या माणसाबरोबर उपनिषदं इंग्रजीत आणत बसला होता. पुरोहित स्वामी, जन्म १८८२, बडनेरा! दोघांनी १९३५-३६चा हिवाळा स्पेनच्या मायोर्का बेटावर काढला, पुस्तक १९३७ला आलं. त्याआधी स्वामींनी आपले गुरू भगवान हंस यांचं कैलास-मानसरोवराच्या यात्रेचं मराठी लेखन इंग्रजीत केलं, १९३४ साली. प्रस्तावना येट्सची. मी इतकी वर्षं बडनेऱ्यात वाढले आणि हे नाव कळायला स्लायगोला यावं लागलं. शाळेत कुणी सांगितलं नाही, तुम्हीही नाही!

अमरावतीला जाल तेव्हा वाचनालयात ते मूळ मराठी मिळतं का बघा. झेरॉक्स चालेल. आणि आईला सांगा, कुरड्या पोचल्या, अर्ध्या चुरा होऊन. चुराच तळून खाल्ला.

तुमची,
मनू