वसुली नव्वद टक्के, तरी थकबाकी वाढतेच कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले की पुढच्या दोन महिन्यांत, म्हणजे ३१ मेपर्यंत, प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षातली पहिली ग्रामसभा घ्यायची असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे या सभेपुढे वार्षिक जमाखर्च, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा कार्यक्रम आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी तिच्या उत्तरांसह ठेवावी लागते. बऱ्याच गावांत हा सगळा विषय ‘मागील वर्षाच्या जमाखर्चास मंजुरी देणे’ एवढ्या एका ओळीत उरकतो. एकूण जमा इतकी, एकूण खर्च इतका, शिल्लक इतकी. टाळ्या होतात, पुढचा विषय निघतो. गावाने वर्षभरात काय कमावले आणि काय गमावले, हे त्या तीन आकड्यांतून कधीच कळत नाही. ते कुठून कळते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात घरपट्टी-पाणीपट्टीपासून करू, कारण सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते. उदाहरणादाखल एक गाव धरा. मागील थकबाकी ६ लाख, चालू वर्षाची मागणी ४ लाख. वर्षभरात ३ लाख ६० हजार वसूल झाले. त्यातले १ लाख ६० हजार जुन्या थकबाकीपोटी आले आणि २ लाख चालू मागणीपोटी. अहवालात लिहिले जाते ‘वसुली ९० टक्के’, कारण सगळी वसुली चालू मागणीने भागलेली असते. खरे चित्र असे: चालू वसुली ५० टक्के, थकबाकीची वसुली जेमतेम २७ टक्के, एकूण मागणीवर वसुली ३६ टक्के. १ एप्रिलला नव्या वर्षाची थकबाकी ६ लाख ४० हजार होते. म्हणजे ‘नव्वद टक्के’ वसुली करूनही गाव ४० हजारांनी मागे गेले. म्हणून सभेत वसुलीची टक्केवारी विचारूच नये. नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, समोर ठेवायला सांगावी आणि थकबाकीची मागणी, चालू मागणी, दोन्हींची वसुली व शिल्लक हे आकडे घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य व पाणीपट्टी यांसाठी वेगवेगळे वाचून घ्यावेत.

थकबाकी का साचते, याचे उत्तरही याच वहीत असते. मागणी बिले वर्षाच्या सुरुवातीला वाटायची, ती जानेवारी-फेब्रुवारीत वाटली जातात. बिलानंतर मागणी लेख (कर भरण्याची लेखी ताकीद) आणि त्यानंतर जप्ती, ही कायद्याने दिलेली पायरी चढलीच जात नाही. निवडणूक जवळ असली की बिलसुद्धा दारात जात नाही. कलम १४ प्रमाणे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. तेव्हा सदस्यांच्या स्वतःच्या घरांच्या नोंदी आधी वाचून दाखवल्या, तर वसुलीला निघालेल्या शिपायाला गावात तोंड वर करून बोलता येते.

मागणी स्वतःच कमी धरलेली असेल तर शंभर टक्के वसुलीलाही अर्थ नाही. ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांपासून घरपट्टी क्षेत्रफळाच्या सरसकट दराने न घेता भांडवली मूल्यावर घ्यायची आहे: जमिनीचा वार्षिक बाजारमूल्य दर, बांधकामाचा दर, घराच्या वयानुसार घसारा आणि वापरानुसार भारांक (कर कमीजास्त करणारा गुणक). आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी करायची. प्रत्यक्षात नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, पत्र्याचे घर असते आणि जागेवर दुमजली स्लॅब. रस्त्याकडेच्या गाळ्यांना दुकानाऐवजी निवासी दर लागलेला असतो. टेप घेऊन मोजायला कुणी गेलेले नसते, मागच्या यादीवरून पुढची यादी उतरलेली असते. जिथे स्वामित्व योजनेत गावठाणाचे ड्रोन सर्वेक्षण होऊन मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत, तिथे पत्रिकेवरचे क्षेत्र आणि नमुना ८ मधले क्षेत्र शेजारी ठेवून पाहावे. फरक लगेच दिसतो. स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवत नाही.

आता पाणी. सेवा मिळाली की नाही हे हिशेबाच्या वहीतूनही तपासता येते, आणि ही तपासणी कुणीही करू शकतो. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर. २,००० लोकवस्तीला गळती न धरता दिवसाला १ लाख १० हजार लिटर लागते. एक हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर) या हिशेबाने रोज ५५० ग्रॅम, वर्षाला सुमारे २०० किलो, म्हणजे २५ किलोच्या आठ गोण्या. आता नमुना १५, उपभोग्य वस्तूंची साठा नोंदवही उघडा. वर्षभरात दोनच गोण्या जमा दिसत असतील, तर गावाने वर्षातले नऊ महिने निर्जंतुक न केलेले पाणी प्यायले. आठही गोण्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकाच देयकावर आल्या असतील, तरी तेच. शिवाय टीसीएल साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. नव्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. दमट खोलीत गोणीचे तोंड उघडे राहिले की तो उडत जातो आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये. म्हणून खरेदी दोन-तीन महिन्यांच्या गरजेपुरती, हप्त्याहप्त्याने हवी. जलसुरक्षकाने पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी टाकीत सोडायची, किमान अर्धा तास थांबायचे आणि मग पाणी सोडायचे. ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी, टाकीजवळच्या नळावर करून भागत नाही. गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळावर करावी. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन मिळाला तरच काम झाले. पावसाळ्याआधी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आणि कोणत्या त्रुटीमुळे मिळाले, हे वार्षिक अहवालात लिहिलेच पाहिजे. कार्डाचा रंग सांगून त्रुटी न सांगणे म्हणजे ताप सांगून रोग लपवणे.

विजेचे बिलही बोलते. साडेसात अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण साडेसहा ते सात युनिट घेतो. महिन्याचे बिल १,२०० युनिटचे असेल तर पंप रोज सुमारे सहा तास चालला. तेवढे चालूनही गावाला दोन दिवसांआड पाणी येत असेल, तर दोष उद्भवात (विहीर किंवा बोअरमध्ये) नसून वितरणात आहे: गळकी नळजोडणी, खराब झालेला व्हॉल्व्ह, मुख्य वाहिनीवरून परस्पर घेतलेली तोंडे. उलट युनिट फारच थोडे दिसत असतील तर मीटर बंद आहे आणि सरासरीने बिल येत आहे. ते दुरुस्त केले नाही तर पुढे एकदम मोठी रक्कम अंगावर येते. रस्त्यावरच्या दिव्यांचे गणित आणखी सोपे: २० वॉटचे १०० दिवे रात्री ११ तास म्हणजे दिवसाला २२ युनिट, महिन्याला ६६०. बिल दुप्पट येत असेल तर दिवे दिवसाही जळत आहेत.

पाणीपट्टीचा दर ठरवताना वीज, पंपचालकाचे मानधन, टीसीएल, दुरुस्ती आणि पंप जळाल्यास लागणारी रक्कम यांची बेरीज करून ती नळजोडण्यांनी भागायची असते. ही बेरीज फारच थोड्या गावांनी केलेली असते. दर जुनाच चालतो, तूट सामान्य फंडातून भरली जाते आणि मग सामान्य फंडात गटार दुरुस्तीलाही पैसे उरत नाहीत.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीबाबत सभेत नेहमी विचारले जाते, ‘किती आले?’ त्याहून महत्त्वाचे, कोणत्या लेखाशीर्षाखाली किती पडून राहिले. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी या निधीत ६० टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीच) आणि ४० टक्के अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे) अशी विभागणी होती. बंधितातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. गावाला १० लाख मिळाले असतील तर ३ लाख स्वच्छता, ३ लाख पाणी, ४ लाख अबंधित. अबंधितातून पगार व आस्थापना खर्च करता येत नाही. पैसे अडकतात ते बहुधा स्वच्छतेच्या भागात. पेव्हर ब्लॉक बसवणे सोपे; कचरा विलगीकरणासाठी जागा शोधणे, शोषखड्डे घेणे, सांडपाण्याचा शेवट कुठे करायचा हे ठरवणे कटकटीचे. काही ठिकाणी घंटागाडी खरेदी होते, पण चालकाचे मानधन आणि इंधन यांची तरतूद अर्थसंकल्पात नसल्याने ती कार्यालयामागे उभी राहते. यंत्र घेताना ते चालवण्याचा वर्षाचा खर्च त्याच ठरावात लिहावा, असा आमचा आग्रह आहे.

दुसरी अडचण आराखड्याची. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात जे काम नाही, त्यावर हा निधी खर्च करता येत नाही. आराखडा ऑक्टोबरपासून तयार होतो, ग्रामसभेत मंजूर होतो, केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर चढतो. वॉर्डसभा व महिलासभा कागदावरच झाल्या, तर जानेवारीत कामांची यादी संगणकाजवळ बसून भरली जाते. मग जूनमध्ये टाकीचा जिना कोसळला तरी निधी असून हात बांधलेले. देयक पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन देयक प्रणालीवरून सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघते. दोघांच्याही स्वाक्षरीचे टोकन पासवर्डसह एकाच तिसऱ्या माणसाकडे राहात असेल, तर दोन सह्यांची अट उरलीच नाही. गावाच्या नावापुढचा जमाखर्च ई-ग्रामस्वराजवर कुणालाही पाहता येतो. तो आणि नमुना ५ मधली रोकडवही जुळते का, हे सभेआधीच पाहून यावे.

स्वनिधीतल्या, म्हणजे गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या, राखीव खर्चाबद्दल थोडक्यात. मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के. यांपैकी जे खर्च झाले नाही तो अनुशेष. तो पुढच्या वर्षीच्या रकमेत मिळवून दाखवायचा असतो. नमुना २८ मध्ये ते दिसते. अहवालात मात्र दरवर्षी नवीनच टक्केवारी सुरू होते आणि मागील अनुशेष गळून पडतो.

कामांच्या बाबतीत प्रत्येक कामाची साखळी पाहावी: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला. या तारखा चढत्या क्रमाने असल्या पाहिजेत. मोजमापाची तारीख देयकाच्या नंतरची, किंवा सगळी मोजमापे २८ ते ३१ मार्चमधली, ही धोक्याची खूण. लेखापरीक्षणात तेच ते आक्षेप वर्षानुवर्षे येतात: वसूल झालेली रोकड बँकेत न भरता परस्पर खर्च करणे, प्रमाणके (खर्चाच्या पावत्या) नसणे, रोकडवही आणि पासबुकाचा ताळमेळ न घेणे, ठेकेदाराच्या देयकातून एक टक्का कामगार कल्याण उपकर किंवा अडीच लाखांवरील कंत्राटावर दोन टक्के जीएसटी कापणे राहून जाणे, आणि कापला तरी शासनाकडे न भरणे. नमुना २७ आणि ३० या दोन वह्यांत किती आक्षेप, किती रकमेचे, किती निकाली हे सगळे असते. मागील वर्षी २० आक्षेप होते व या वर्षीही २० आहेत असे ऐकले, तर ते तेच २० की जुने गेले व नवे आले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने २०२२-२३ सालासाठी पंचायत प्रगती निर्देशांक जाहीर केला. देशातल्या मोजलेल्या २ लाख १६ हजार २८५ पंचायतींपैकी सर्वोच्च श्रेणीत एकही नव्हती; दुसऱ्या श्रेणीत ६९९ होत्या. अशी मोजणी व्हायला हवीच. पण तिच्यातली बरीचशी माहिती पंचायतीच्या पातळीवरूनच वर जाते. मागणी नोंदवही आणि साठा नोंदवही खोटी असेल तर निर्देशांक खरा कसा निघेल? त्यामुळे गुण किती मिळाले यापेक्षा ते कोणत्या नोंदीवरून मिळाले, हे गावात वाचले गेले पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. प्रशासन अहवाल सभेच्या किमान सात दिवस आधी, दोन पानांत, फलकावर लावावा. त्यात थकबाकी व चालू मागणीची स्वतंत्र वसुली, प्रत्येक निधीची आरंभीची व अखेरची शिल्लक, टीसीएलची खरेदी व वापर, पाणी मिळालेले दिवस, राखीव खर्चाचा अनुशेष आणि आक्षेपांची संख्या एवढे असले तरी पुरे. तो लागला नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. म्हणून अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यावा.

आणि सभेला पहिल्याच दिवशी जावे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती लागते. ती नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. जमाखर्च तिथे पंधरा-वीस माणसांत मंजूर होतो. हजेरीवहीत सही करताना वरच्या बाजूला सभेची तारीख व विषय लिहिलेले आहेत का ते पाहावे. कोऱ्या पानावर सही करू नये. उठण्यापूर्वी त्या दिवशीचे ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह वाचून घ्यावेत, आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर तिथेच तिरकी रेघ मारून घ्यावी.

आपले,
ग्रामपंचायतींच्या हिशेबाचे काम केलेले काही वाचक