साडेसहा तासांची पैज कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘एव्हरीव्हेअर ॲट द एन्ड ऑफ टाइम’ या संगीतमालिकेवर लेख आला. स्मृतिभ्रंशावर कुणी असं संगीत रचलंय हे बऱ्याच वाचकांना प्रथमच कळलं असेल, त्याबद्दल आभार. पण लेखाचा सगळा रोख ‘साडेसहा तासांची ही मालिका एका बैठकीत ऐकून दाखवा’ यावर होता, तो खटकला. २०२० मध्ये टिकटॉकवर तरुण मुलांनी अशाच पैजा लावल्या होत्या. त्यांचं वय तसं होतं, सोडून देऊ. वर्तमानपत्राने तीच री ओढायला नको होती.

लेलँड कर्बी या ब्रिटिश संगीतकाराने ‘द केअरटेकर’ या नावाने ही मालिका २०१६ ते २०१९ या काळात सहा भागांत काढली. दोन भागांमध्ये साधारण सहा-सहा महिने जात. पुढचा भाग येईपर्यंत आधीचा ऐकणाऱ्याच्या मनात थोडा पुसट झालेला असणार. मला वाटतं, खरी गंमत (हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) त्या मधल्या महिन्यांतच आहे. एका दमात ऐकणाऱ्याच्या हातून नेमकी तीच निसटते.

मी संगीतातली जाणकार नाही. माझ्या आईला स्मृतिभ्रंशाचा आजार होता. काम करताना ती एक जुनं गाणं गुणगुणायची, आजारपणातही ते सुटलं नव्हतं. रोज कानावर पडायचं, बरं वाटायचं. मावशी सहा महिन्यांनी भेटायला आली. आईजवळ दहा मिनिटं बसली असेल-नसेल, बाहेर येऊन हळूच म्हणाली, ‘अगं, ताई मधलं कडवं गाळतेय. पहिलंच दोनदा म्हणते.’ मी चोवीस तास तिच्याजवळ होते आणि मला पत्ता नव्हता.

कर्बीच्या पहिल्या तीन भागांत हेच घडतं. नाचघरांत वाजणारी १९२०-३०च्या काळातली बॅण्डची गाणी, जुन्या तबकड्यांच्या खरखरीसकट. त्या काळातला गायक अल बोली याच्या १९३१च्या एका ध्वनिमुद्रिकेतला तुकडा पहिल्या भागात स्वच्छ ओळखू येतो. पुढे तो परत येतो तेव्हा काहीतरी सरकलेलं असतं. काय, ते पटकन सांगता येत नाही. सहा महिन्यांनी ऐकणारा तिथे थबकतो. सलग ऐकणारा मात्र तेव्हा मी होते तसा असतो.

चौथ्या भागापासून सूर ओळखण्यापलीकडे जातात, वीस-वीस मिनिटांचा नुसता कल्लोळ. लेखात त्यालाच ‘आजाराचं अस्सल चित्र’ म्हटलंय. मला ते पटत नाही. आत काय चाललं असेल याबद्दल बाहेरच्या माणसाने बांधलेला तो अंदाज आहे. जबरदस्त आहे, पण अंदाजच. प्रत्यक्षात अल्झायमरमध्ये ओळखीच्या गाण्यांची आठवण पुष्कळदा बरीच उशिरापर्यंत टिकते. अशा आठवणीशी जोडलेल्या मेंदूच्या भागांना या आजाराची झळ तुलनेने कमी लागते, असं २०१५ मध्ये ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका अभ्यासात मांडलेलं आहे. आईला पुढे माझं नाव आठवेना, चमचा हातात दिला तर त्याचं काय करायचं ते कळेना. गाण्याचे शब्दही गेले. चाल राहिली. डोळे मिटून ‘हूं हूं’ करत ती कडव्याच्या शेवटी बरोबर समेवर यायची, तेव्हा बोट पलंगाच्या कडेवर टेकायचं.

सहाव्या भागाच्या शेवटच्या काही मिनिटांत अचानक समूहगान ऐकू येतं आणि मग मिनिटभर शांतता. तिथे मात्र कर्बीला आमच्यासारख्यांच्या घरातलं काहीतरी कळलं होतं असं वाटतं.

एक दुरुस्तीही छापावी. लेखात या मालिकेला ओघात ‘रुग्णांसाठीचं संगीत’ म्हटलंय. ते रुग्णांविषयीचं आहे, त्यांच्यासाठीचं नाही. कुणी भाबडेपणाने घरातल्या आजारी माणसाच्या उशाशी चौथा-पाचवा भाग लावून ठेवू नये. त्यांना त्यांच्या तरुणपणातली गाणी लावा, आणि कुठलं कडवं गळतंय का, तेवढं कान देऊन ऐका.

आपली,
एक नियमित वाचक