आधी तासाला किती माणसं ते सांगा, मग गोष्ट कुठली ते बोलू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थीम पार्कमध्ये नवा विभाग यावा तर कुठला, यावर वाचकांची पत्रं गेले काही दिवस आपल्या पानावर येत आहेत. कुणाला खलनायकांचं राज्य हवं आहे, कुणाला ड्रॅगनचं जंगल, कुणाला पाण्याखालचं शहर. कल्पना एकाहून एक सरस आहेत. पण सगळा वाद कुठली गोष्ट घ्यायची याभोवतीच फिरतो आहे. तिथे तासाला किती माणसं सामावतील, हे एकाही पत्रात वाचायला मिळालं नाही. माझ्या मते कुठल्याही कल्पनेच्या पहिल्या ओळीत हाच आकडा यायला हवा. तो चुकला तर उत्तमातली उत्तम गोष्टसुद्धा लोकांना रांगेत उभं राहूनच ऐकावी लागते.

हिशेब अवघड नाही. एका गाडीत किती जण बसतात आणि एक गाडी सुटल्यावर दुसरी सुटेपर्यंत किती सेकंद जातात, एवढं कळलं की झालं. ३,६०० ला त्या सेकंदांनी भागायचं आणि सीटांच्या संख्येनं गुणायचं. रोलर कोस्टरची २४ सीटांची ट्रेन दर ६० सेकंदांनी सुटली तर तासाला १,४४० जण बसतात. तीच ८० सेकंदांनी सुटू लागली तर १,०८०. २० जणांची बोट दर ३० सेकंदांनी सोडणारी संथ राइड तासाला २,४०० माणसं नेते. आणि १६ गाड्यांची, प्रत्येकीत दोघं बसणारी गोल फिरणारी राइड? फेरी दीड मिनिटाची असली तरी लोकांना उतरवून नव्यांना बसवेपर्यंत चार मिनिटं होतात. म्हणजे तासाला १५ फेऱ्या आणि ४८० माणसं. दिसायला ती गोंडस असते, पण विभागाचा भार तिच्यावर टाकता येत नाही.

कोस्टरची ती २० सेकंदं जातात कुठे, हे फलाटावर नीट बघितलं तर कळतं. ट्रेन थांबते. उतरणारे पलीकडच्या बाजूनं उतरतात, पण कुणाची तरी टोपी अलीकडच्या खणात राहिलेली असते. चढणाऱ्यांत चौघांच्या कुटुंबाला ऐन वेळी आठवतं की धाकट्याला आईशेजारी बसायचं आहे. बसणाऱ्याला सीटवर धरून ठेवणारा एक बार पुरेसा खाली येत नाही, कारण मांडीवर बॅग आहे. कर्मचारी एकेक बार ओढून बघत जातो, शेवटच्या ओळीत एका मुलाच्या उंचीबद्दल शंका येते आणि मोजपट्टी मागवली जाते. यातलं काहीही धोक्याचं नाही, पण दर वेळी पाच-सात सेकंद जातात. कोस्टरचा रूळ ब्लॉकमध्ये वाटलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच ट्रेन असू शकते. त्यामुळे फलाटावरची ट्रेन हलली नाही की मागची शेवटच्या ब्रेकवर येऊन उभी राहते. आणखी एक ट्रेन जोडा, असं चाहते नेहमी सुचवतात. त्यानं काहीही साधत नाही. अडचण फलाटावर असेल तर तिसरी ट्रेन फक्त ब्रेकवर थांबणाऱ्यांची संख्या वाढवते.

यावरचे उपाय मात्र राइडचा आराखडा करतानाच धरावे लागतात. उतरण्याचा फलाट वेगळा, चढण्याचा वेगळा. उंची रांगेच्या तोंडाशीच मोजायची. बॅगांचे लॉकर दोन्ही बाजूंनी उघडणारे हवेत, म्हणजे जाताना एका बाजूनं बॅग ठेवली की येताना दुसऱ्या बाजूनं काढता येते आणि दोन लोंढे एकमेकांत शिरत नाहीत. अमेरिकेत ऑरलँडोला युनिव्हर्सल कंपनीच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर पार्कमध्ये २०२१ साली आलेल्या वेलोसिकोस्टरला असे लॉकर आहेत. त्याच पार्कमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडच्या मोटारसायकल कोस्टरला सरकता फलाट आहे. गाडी न थांबता हळूहळू पुढे जात राहते आणि लोक चालत्या पट्ट्यावरून तिच्यात बसतात.

आता रांगेकडे वळू. कागदावर १,४४० जणांची राइड प्रत्यक्षात ८५ टक्के चालली तर तासाला सव्वाबाराशे जण बसतात. विभाग उघडल्यावर पहिल्या दोन तासांत ४,००० माणसं तिथे आली असं धरू. त्यातले साधारण २,४५० जण बसून बाहेर पडले, म्हणजे साडेपंधराशे अजून रांगेत. शेवटच्या माणसाला सव्वा तास थांबायचं आहे. माणशी अर्धा ते पाऊण चौरस मीटर धरला तर त्यांना उभं करायलाच हजार चौरस मीटरच्या आसपास जागा लागते, आणि तीही सावलीची. यातल्या ६० टक्के सीट जादा पैसे देऊन पुढे जाणाऱ्यांना ठेवल्या, तर साध्या रांगेला तासाला ४९० सीटच उरतात आणि तोच सव्वा तास तीन तासांच्या वर जातो. मोबाइलवर नंबर लावून ही जागा वाचते, असंही काही वाचक सुचवतात. पण नंबर लावलेली माणसं कुठे तरी असतातच. ती रांगेतून उठून रस्त्यावर, दुकानात आणि स्वच्छतागृहासमोर येतात. म्हणून तसा विचार असेल तर रस्ते आणि बसायच्या जागा दोन्ही वाढवाव्या लागतात.

कल्पना सुंदर आणि हिशेब कच्चा, याचं मला सर्वात जास्त हळहळ वाटणारं उदाहरण म्हणजे ल्युइजीचे उडते टायर. डिस्ने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कमध्ये १५ जून २०१२ रोजी 'कार्स' या चित्रपटावरचं कार्स लँड उघडलं, १२ एकरांचं. त्यात जमिनीतून सोडलेल्या हवेच्या दाबावर तरंगणारे मोठे टायर होते. लोकांनी आत बसायचं आणि अंग झुकवून दिशा द्यायची. मूळ कल्पना १९६१ ते १९६६ या काळात डिस्नेलँडमध्ये चाललेल्या उडत्या तबकड्यांची. जुन्या चाहत्यांना ती परत आलेली बघून किती आनंद झाला असेल! पण टायर मनासारखा हलायचा नाही. किती आणि कसं झुकायचं हे कळेपर्यंत फेरी संपायची, बसवण्या-उतरवण्यात वेळ जायचा आणि रांग सरकायची नाही. २०१५ च्या सुरुवातीला ही राइड बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिथे नाचणाऱ्या गाड्या आल्या. ठरलेल्या तालावर त्या आपोआप फिरतात, बसणाऱ्याला काही शिकावं लागत नाही. तरीही कार्स लँड कधी ओस पडलं नाही, कारण मुख्य शर्यतीची राइड भक्कम होती आणि तिसरी लहान मुलांना झेपणारी होती. शिवाय संध्याकाळी त्या रस्त्यावरचे निऑनचे फलक उजळतात, ते बघायला राइडच्या तिकडे न जाणारेही थांबतात. रात्री आपला विभाग कसा दिसेल, हे आपल्या पानावरच्या एकाही पत्रात आलेलं नाही. वर्षातले कितीतरी दिवस पार्क अंधार पडल्यावरही तीन-चार तास चालू असतो.

एका विभागात एकच मोठी राइड ठेवून चालत नाही. डिस्नेलँडमध्ये ३१ मे २०१९ रोजी 'स्टार वॉर्स'चं गॅलेक्सीज एज उघडलं, १४ एकरांचं, आणि राइड एकच. सहा जणांची कॉकपिट, त्यात दोन चालक, दोन तोफा चालवणारे, दोन इंजिनियर. दुसरी मोठी राइड १७ जानेवारी २०२० ला आली. मधले साडेसात महिने एवढ्या मोठ्या गावात बघायला खूप आणि बसायला एकच ठिकाण, अशी स्थिती होती. शिवाय गोष्टीचा काळही काटेकोर ठरवलेला होता, त्यामुळे लोकांना आवडणारी बरीचशी जुनी पात्रं तिथे येऊच शकत नव्हती. कथेशी प्रामाणिक राहण्याची ही धडपड मला मनापासून आवडते. पण ती किंमत आधी मोजायला हवी होती. टोकियो डिस्नेसीमध्ये ६ जून २०२४ ला आलेल्या फँटसी स्प्रिंग्जचं नियोजन मला जास्त शहाणपणाचं वाटतं. एकदम चार राइड, त्यातल्या दोन बोटींच्या. उंचीची अट जिला आहे त्या पीटर पॅनच्या राइडलाही ती १०२ सेंटिमीटरच आहे. आजी आणि नातू एकत्र बसू शकतील असं काहीतरी असावं, म्हणजे विभागातली निम्मी माणसं बाकावर बसून इतरांची वाट बघत नाहीत.

काय आणायचं हे ठरवताना काय काढायचं आहे, हेही त्याच पत्रात लिहावं. ऑरलँडोजवळच्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमधली नदी, तिच्यावरची चाकाची बोट आणि टॉम सॉयरचं बेट ६ जुलै २०२५ नंतर बंद झालं, 'कार्स' चित्रपटाच्या नव्या विभागासाठी. त्यावर चाहत्यांत कडाक्याचं भांडण झालं आणि दोन्ही बाजू आठवणींवरच बोलत राहिल्या. खरा मुद्दा असा की ती बोट एका वेळी शेकडो माणसांना सावलीत बसवून नेत होती आणि बेटावर मुलं रांगेविना पळत होती. नव्या राइडच्या आकड्यातून हे वजा करूनच नफा-तोटा मांडायला हवा. याउलट तिथल्याच डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कमध्ये 'अवतार' चित्रपटावरच्या पँडोरा विभागासाठी जुनी जागा रिकामी करताना तिथला लोकप्रिय सिंहांचा कार्यक्रम बंद पाडला नाही, आफ्रिका विभागात नेला. त्याच पार्कसाठी आखलेलं काल्पनिक प्राण्यांचं राज्य कधीच बांधलं गेलं नाही, पण पार्कच्या चिन्हात ड्रॅगन आहे. ड्रॅगनचं जंगल मागणाऱ्या वाचकांची कळकळ म्हणूनच मला अगदी समजते.

हक्कांचा मुद्दा थोडक्यात सांगतो. ऑरलँडोच्या डिस्ने पार्कमध्ये ॲव्हेंजर्सचा विभाग आणा, ही मागणी होऊ शकत नाही. त्या पात्रांचे तिथले हक्क जुन्या करारानं युनिव्हर्सलकडे आहेत, म्हणूनच ॲव्हेंजर्स कॅम्पस २०२१ साली कॅलिफोर्नियात उघडलं. कल्पना लिहिण्याआधी एवढं तपासलं तर बरीच शाई वाचेल.

नव्या विभागात शिरताना आधीचा विभाग दिसेनासा व्हायला हवा. यात मला हॅरी पॉटरच्या डायगन ॲली या विभागाइतकं नेमकं काम दुसरं दिसत नाही. ऑरलँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा पार्कमध्ये 'जॉज' चित्रपटाची राइड काढून त्या जागी ८ जुलै २०१४ ला ते उघडलं. तळ्याच्या बाजूनं बघणाऱ्याला फक्त लंडनच्या इमारतींची एक रांग दिसते. आत शिरायच्या जागी नावाचा फलक नाही. विटांची फुटकी भिंत आहे आणि वाट वळून जाते, त्यामुळे बाहेरून आतलं आणि आतून बाहेरचं दिसत नाही. यासाठी लागते ती वळणाची थोडीशी जागा आणि उंच भिंत. अवघड असतं ते उंच राइडवरून दिसणारं दृश्य. वर गेलेल्या माणसाला शेजारच्या इमारतींची पत्र्याची छपरं आणि एसीची यंत्रं दिसतात. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये झाडांच्या वर काही जाऊ द्यायचं नाही असं बंधन होतं, म्हणून १९९४ साली नेमेसिस ही कोस्टर खडक खोदून खाली बांधली. बंधनातून उलट जास्त थरारक राइड मिळाली, कारण रूळ खडकाला चिकटून जातो.

अरुंद जुन्या गल्ल्यांची हौस असणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की अग्निशमनाच्या गाडीला साधारण ६ मीटर रुंद मोकळा रस्ता लागतो. तो गल्लीतून जमत नसेल तर मागून काढावा लागतो, आणि ती जागा आपल्याच एकरांतून जाते. व्हीलचेअरचा उतार १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही. राइडचा दरवाजा ३ मीटर वर नेला तर ३६ मीटरचा उतार आणि मध्ये सपाट थांबे. विजांचा कडकडाट सुरू झाला की उघड्यावरच्या राइड थांबतात, तेव्हा निदान एक मोठी राइड छपराखाली हवीच.

खलनायकांच्या विभागाची मॅजिक किंगडमसाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये घोषणा झाल्यापासून मुख्य राइड कुणाला मिळावी यावर चाहते हमरीतुमरीवर आले आहेत. माझ्या मते तो प्रश्न दुसरा आहे. आधी ठरवायला हवं की ती सगळी मंडळी एका गावात राहतात की चार कोपऱ्यांत. चार कोपरे केले तर रंग, संगीत, दगडाचा पोत हे सगळं चार वेळा बदलायचं, प्रत्येक वेळी वळण आणि भिंत द्यायची. मी एकाच गावाच्या बाजूनं आहे. वाचलेली जागा दुसऱ्या राइडला मिळते.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. यापुढे कल्पना मागवाल तेव्हा सोबत आलेखाच्या कागदावरचा आराखडाही मागवा. १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर धरलं तर १४ एकर म्हणजे साधारण २४ सेंटिमीटर बाजूचा चौरस. एका मोठ्या राइडची इमारत १०० बाय ६० मीटरची धरली तर १० बाय ६ सेंटिमीटर. तिची रांग सुमारे ३ सेंटिमीटर बाजूचा चौकोन. भोवती मागचा रस्ता आखायचा, दोन स्वयंपाकघरं आणि स्वच्छतागृहं मांडायची, आणि मग दुसऱ्या राइडची इमारत कुठे बसते ते बघायचं. तो कागद पत्रासोबत छापलात, तर वाचकांना एकमेकांच्या कल्पना मोजून बघता येतील.

आपला,
थीम पार्कचा एक चाहता वाचक