भांडी बाजारातल्या काकांना मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडायचं नाही. मखमलाबादला मळ्यात पिझ्झाची भट्टी बांधलीये आणि त्यात चालतील अशी भांडी पाहिजेत म्हणून आलेला, खिशात टेम्परेचर गन घेऊन फिरणारा, तो मी. त्या दिवशी लग्नाच्या भांड्यांची गिऱ्हाइकं थांबलेली असताना तुम्ही माझ्याशी बोलत बसलात, त्याचे आभार राहूनच गेले होते.

तुमच्याकडे यायच्या आधी बरंच फिरलो होतो, सगळीकडे एकच, "ओव्हनप्रूफ आहे, घ्या बिनधास्त". कुठला ओव्हन, किती तापतो, कोणी विचारेना. तुम्ही पहिला प्रश्न तोच टाकलात. मी म्हटलं लादी सव्वाचारशे अंशाला जाते, वर घुमटाला त्याहून जास्त, पिझ्झा दीड मिनिटात बाहेर, तर तुम्ही हसून नॉनस्टिकचं अख्खं रॅकच बाद केलंत. ओव्हनप्रूफ म्हणजे घरातला ओव्हन, तो अडीचशेच्या आसपास थांबतो. नॉनस्टिकचा थर २६० च्या वर खराब व्हायला लागतो आणि अजून तापला की त्याचा धूर इतका वाईट की घरातले पाळीव पक्षी मरतात. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं म्हणजे कागदावर चालायला पाहिजे, पण त्याच्या खूप आधीच ते मऊ पडतं, वाकतं.

पण मला खरं भारी वाटलं ते तांब्याचं. ती ठोक्याची कढई काय चमकत होती, मी उचलणार तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "ही नको, आतून कल्हई आहे, तुमच्या पनीरमध्ये उतरेल." घरी येऊन बघितलं तर कल्हई म्हणजे कथील, आणि ते २३२ अंशालाच वितळतं! तांब्याला स्वतःला हजाराच्या वर काही होत नाही, पण वितळलेल्या कल्हईत कोण जेवणार. गिऱ्हाईक महागातली वस्तू मागतंय आणि दुकानदार नको म्हणतोय, हे नाशिकच्या तांब्या-पितळेच्या बाजारात, म्हणजे कमालच.

मग तुम्ही माळ्यावरून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ते दोन कानांचे पसरट तवे काढलेत, एकेक बोटात अडकवून लोंबकळत धरलात आणि चावीने टकटक केलंत. एक ठण्ण वाजला, दुसरा बद्द, तो तुम्ही बाजूला ठेवलात, म्हणे कुठेतरी बारीक चीर असणार, तापला की तिथूनच फुटेल. मी तर रंग बघत होतो. लाकडी मूठ नको, लांब दांडा नको कारण भट्टीच्या तोंडात अडकतो, आणि गरम तव्यावर पाणी अजिबात नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

आता रिपोर्ट. छाटणीच्या द्राक्षकाड्या पेटवायला, वर बाभूळ, तवा रिकामाच आत तापवतो आणि मग भरताची वांगी, भोपळी मिरची, पनीर, काहीही टाका, मस्त डाग पडतात. तेल तव्यात ओतत नाही, भाज्यांनाच चोळतो, कारण एवढ्या आचेत ओतलेलं तेल सरळ पेट घेतं. तव्यावरचा तेलाचा काळा थर मात्र जळून पांढुरका होतो, तेवढं दर वेळी जवसाचं तेल पुसून परत तापवावं लागतं, बायको म्हणते तव्याचे लाड माझ्यापेक्षा जास्त चाललेत. कानांना धरायला वेल्डरचे चामड्याचे हातमोजे आणलेत सातपूरहून. ओलं फडकं विसरा, वाफेने हात भाजतो.

तर काका, एका रविवारी काकूंना घेऊन या मळ्यात. तुमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही म्हणाला होतात, तुमचं आधी वेगळं काढतो. आणि तसाच एक लहान तवा आला तर ठेवून द्या, वाजवून बघितलेला.

तुमचा,
टेम्परेचर गनवाला