पाश्चात्य कायद्याला चर्चने काय दिलं, आणि त्यातलं आपल्याकडे काय आलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाश्चात्य कायद्याचा पाया ख्रिस्ती आहे का, या विषयावर रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखावरून वाचकांच्या पत्रांत जो वाद चाललाय तो मी गेले तीन आठवडे न चुकता वाचतेय. एक गट म्हणतो युरोप-अमेरिकेचा कायदा म्हणजे बायबलच, दहा आज्ञा काढल्या तर मागे काही उरत नाही. दुसरा म्हणतो कायदा रोमन लोकांनी दिला, लोकशाही ग्रीकांनी दिली, चर्चने फक्त माणसं जाळली. मी एकवीस वर्षं जिल्हा कोर्टात वकिली करतेय, बहुतेक कामं नवरा-बायकोच्या भांडणाची, आणि मला मनापासून वाटतं की दोघंही चुकीच्या जागी शोधतायत. घटनेत देवाचं नाव आहे का नाही हे बघून काही कळत नाही हो, कुठली पद्धत कुठल्या कोर्टातून आली ते बघावं लागतं, आणि तसं बघायला लागलं की चर्च अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतं, कधी चांगल्या कामात तर कधी अंगावर काटा येईल अशा कामात.

सगळ्यांनी अमेरिकेचाच दाखला दिलाय म्हणून आधी ते. लुइझियाना राज्याने 2024 मध्ये प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात दहा आज्ञा लावायचा कायदा केला आणि तो लगेच कोर्टात गेला, केंटकी राज्याचा तसाच कायदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच रद्द केला होता. आता 1787 ची मूळ घटना काढून बघा, शेवटी तारीख घालताना ‘आपल्या प्रभूच्या वर्षी’ असं आहे तेवढंच, बाकी देव नाही, उलट सहाव्या आर्टिकलमध्ये कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालायची नाही असं साफ लिहिलंय. 1797 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी तह झाला, अमेरिकेचं सरकार ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभं नाही असं वाक्यच त्यात आहे आणि तो सिनेटने एकमताने मंजूर केला. आणि 1861 मध्ये गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांनी स्वतःची वेगळी घटना लिहिली, त्यांनी मात्र सुरुवातीलाच सर्वशक्तिमान देवाचं नाव घातलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हादरले होते. देवाचं नाव वर आणि खाली माणसं विकायचा हक्क.

पण म्हणून दुसऱ्या गटाने लगेच खूश होऊ नये. व्हर्जिनियात 1786 मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, मसुदा जेफरसनचा आणि तो पास करून घेतला मॅडिसनने, पण त्यांच्या मागे जोर लावला तो बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथांच्या लोकांनी. बाप्टिस्ट उपदेशकांना तिथे परवाना न घेता प्रवचन केलं म्हणून तुरुंगात टाकलेलं होतं. सरकारने धर्मात हात घालू नये ही मागणी त्यांच्या श्रद्धेतून आली होती, श्रद्धा सोडून नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते 1215 सालचं. त्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने रनिमीडच्या कुरणात मॅग्ना कार्टाला, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेला, मान्यता दिली, त्याचं पहिलंच कलम चर्चच्या स्वातंत्र्याचं आहे, आणि राजा-सरदारांच्या त्या ओढाताणीत कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टन याचा हात होता. झालं की मग ख्रिस्ती पाया, असं पहिला गट म्हणणार. पण दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, पोप तिसऱ्या इनोसंटने तीच सनद रद्दबातल ठरवली! म्हणजे सनदेच्या बाजूने आर्चबिशप आणि विरुद्ध पोप, आता यातला ‘ख्रिश्चन’ कोण ते ठरवा. सनद मागे हटली नाही, पुढच्या वर्षी जॉन मेल्यावर ती बदल करून पुन्हा काढली गेली.

त्याच साली नोव्हेंबरमध्ये याच पोपने रोममध्ये लॅटरन परिषद, म्हणजे चर्चच्या बिशपांची मोठी सभा, भरवली, आणि तिथल्या एका ठरावाचं महत्त्व माझ्या मते मॅग्ना कार्टाइतकंच आहे पण त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. तोपर्यंत युरोपात गुन्हा शाबीत करायचा तर दिव्य करायचे, आरोपीच्या हातात तापलेलं लोखंड द्यायचं, हात बांधून ठेवायचा आणि तीन दिवसांनी पट्टी सोडून बघायचं, जखम चिघळली तर दोषी. या सगळ्याला पाद्रीचा आशीर्वाद लागायचा. परिषदेने ठरवलं की पाद्रींनी यात भाग घ्यायचा नाही, आणि आशीर्वादच नाही म्हटल्यावर दिव्य बंद पडलं. मग निकाल लावायचा कसा? इंग्लंडमध्ये 1219 मध्ये फिरत्या न्यायाधीशांना दिव्य आता चालणार नाही असं कळवावं लागलं, आणि हळूहळू ती जागा गावच्या बारा माणसांच्या ज्यूरीने घेतली. बाकी युरोपात मात्र चर्चच्या आणि रोमन कायद्याच्या पद्धतीने पुरावा मागायला लागले, दोन प्रत्यक्ष साक्षीदार नाहीतर कबुली, आणि दोन साक्षीदार कुठे मिळतात, मग कबुलीसाठी छळ. 1252 मध्ये चौथ्या इनोसंटने पाखंड्यांच्या चौकशीत छळाला लेखी परवानगीच दिली. एकाच ठरावाच्या पोटी एकीकडे ज्यूरी आणि दुसरीकडे छळाची खोली. यातलं एकच पोर दाखवून घराणं चांगलं की वाईट ते कसं ठरवणार?

चर्चचं सगळ्यात मोठं देणं मला तरी त्याच्या भांडणात दिसतं. 1077 च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हेन्री कनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात पोप सातव्या ग्रेगरीची माफी मागत तीन दिवस उभा राहिला, वाद होता बिशप कोणी नेमायचे याचा, आणि तो 1122 च्या वर्म्सच्या करारापर्यंत चालला. दोघांनाही सगळी सत्ता हवी होती, दोघांपैकी कोणालाच ती मिळाली नाही. राजाच्या वरही काहीतरी आहे आणि पोपलाही हद्द आहे, ही जागा त्या भांडणातून मोकळी झाली. दोन्ही बाजूंना आपापले मुद्दे मांडायला कायदा जाणणारी माणसं लागली, इटलीतल्या बोलोन्यात जस्टिनियन सम्राटाचे रोमन कायदे शिकवले जायला लागले आणि तिथेच 1140 च्या सुमाराला ग्रेशियनने चर्चचे एकमेकांना छेद देणारे हजारो नियम एकत्र करून त्यांचा मेळ घातला. ‘जे सगळ्यांना लागू होतं त्याला सगळ्यांची संमती हवी’ हे सूत्र मूळ रोमन कायद्यातलं, तेही अल्पवयीन मुलांच्या पालकांबद्दलचं, ते चर्चच्या वकिलांनी उचलून मोठं केलं आणि 1295 मध्ये पहिल्या एडवर्डने पार्लमेंटसाठी बिशपांना बोलावलं त्या पत्रात ते आलं. मग हे सूत्र रोमन म्हणायचं का ख्रिस्ती? मी तर म्हणेन दोघांचं, आणि तसं म्हणायला लाज वाटायचं काही कारण नाही.

आता आपल्याकडचं, कारण हा वाद आपल्याला परका नाहीच. लग्न दोघांच्या संमतीने होतं, बापाच्या किंवा जमीनदाराच्या मर्जीने नाही, हे चर्चने बाराव्या शतकात लावून धरलं आणि ते फार मोठं काम होतं. पण एकदा झालेलं लग्न मोडायचं नाही म्हणून त्याच चर्चच्या कोर्टांनी अजून एक दावा तयार केला, घर सोडून गेलेल्या जोडीदाराला परत नांदायला आणायचा. इंग्लंडमध्ये 1857 मध्ये ही कामं चर्चकडून सरकारी कोर्टात आली आणि तिथला हा दावा इंग्रजांबरोबर मुंबईत पोचला. रखमाबाईंवर दादाजी भिकाजीने लावला तो हाच. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, नवऱ्याकडे कधी नांदलीच नाही. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला आणि निकालात लिहिलं की ही पद्धत इंग्लंडमधून आणून लावलेली आहे, हिंदू धर्मशास्त्रात तिला आधार नाही. अपिलात ते फिरलं, आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. इंग्लंडने याच कारणासाठी तुरुंगात टाकणं 1884 मध्येच बंद केलं होतं! रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. तेव्हाचे आपले पुढारी, टिळकसुद्धा, त्यांच्या विरोधात गेले, हिंदू धर्म बुडतोय म्हणाले, आणि ज्या दाव्याच्या बाजूने ते लढत होते तो इंग्लंडच्या चर्च कोर्टातला होता. 1888 मध्ये तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

इंग्लंडने हा दावा 1970 मध्ये कायमचा काढून टाकला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 9 मध्ये आहे, आंध्र हायकोर्टाने 1983 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला होता पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने कायम ठेवला. बायकोने पोटगीचा अर्ज टाकला की समोरून कलम 9 चा अर्ज येतो, बहुतेक वेळा तिला खरंच नांदवायचं म्हणून नाही, पोटगी टाळायची म्हणून. मागच्या महिन्यात एक बाई आली होती, अंगावर मारहाणीच्या खुणा होत्या आणि हातात नांदायला येण्याचं समन्स. तिने मला विचारलं, ताई, असं आपल्या धर्मात लिहिलंय का हो? मी नाही म्हणाले, आणि मग कुठून आलं ते तिला सांगत बसले, पाऊण तास गेला. तिची पुढची तारीख बावीसला आहे.

आपली नम्र,
एक वकील वाचक, सोलापूर