जैसलमेरच्या साफेवाल्या काकांना

काका, खम्मा घणी.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. मराठी तुम्हाला येत नाही, पण लिपी आपली एकच. घरात कुणी वाचून दाखवलं तर निम्मं तरी कळेल.

खूण सांगते. माघातला मरु महोत्सव, पहिला दिवस, त्रयोदशीचा, शहीद पूनमसिंह स्टेडियम. गडीसर तलावावरून निघालेली मिरवणूक मैदानात आली होती. मंचावर मिशावाल्यांची स्पर्धा झाली आणि साफा, म्हणजे तुमच्याकडचा फेटा, बांधायची सुरू झाली. तुमच्या शेजारी बसलेला, डावा हात मांडीवर ठेवलेला म्हातारा म्हणजे आमचे आप्पा.

आप्पा मूळचे कोल्हापूरचे. लग्नसराईत फेटे बांधायला त्यांना लांबलांबून बोलावणं यायचं. दोन वर्षांपूर्वी डावं अंग गेलं. अंग सावरलं, चालायला लागले, पण डाव्या हातात पकड आली नाही ती नाहीच. फेट्याचं नाव काढलं की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. खरं सांगायचं तर त्या दिवशी साफ्याची स्पर्धा आहे हे मला माहीतच नव्हतं. असतं तर आम्ही त्या वेळेला सरळ पटवा हवेली बघायला गेलो असतो.

मंचावर पोरं भराभर वेढे घेत होती आणि आप्पांचा उजवा अंगठा मांडीवर चाळे करत होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तुम्ही मात्र बघितलंत. वाऱ्याने सैल झालेला तुमचा साफा तुम्ही उतरवलात. चुनडीचा, तांबडा, चांगला नऊ मीटरचा. त्याचं एक टोक त्यांच्यापुढे धरून म्हणालात, "थोड़ा पकड़ना, भाईसा." त्यांनी उजव्या हाताने धरलं. तुम्ही चार पावलं मागे सरकून कापड ताणलंत, चुण्या घातल्यात. मग डोकंच पुढे केलंत. "अब आप बाँधो. आपके यहाँ का."

डोक्यावरचं उतरवून दुसऱ्याच्या हाती देणं ही तुमच्याकडे काय गोष्ट आहे, ते थोडंफार ऐकून होते. मला काय बोलावं सुचेना.

आप्पा बसल्या बसल्या वेढे घेत गेले आणि डाव्या हाताचं काम तुम्ही केलंत. ते थांबले की तुमचं बोट बरोबर त्या घडीवर. त्यांना हिंदी धड येत नाही, तुम्हाला मराठीचा गंध नाही, पण "शेमला" म्हटल्यावर तुम्ही पाठीमागचं टोक बरोबर लांब सोडलंत! तुमच्या साफ्यालाही मागे असंच टोक सोडतात म्हणा. तुरा मात्र उभा राहीना. दोनदा उभारला, दोनदा कानावर आला. तुमचा नातू हसून लोळला. आणि तुम्ही तो कोल्हापुरी फेटा, पडक्या तुऱ्यासकट, डोक्यावर ठेवून शेवटपर्यंत तसेच बसलात. सीमा सुरक्षा दलाचं उंटांचं पथक समोरून गेलं तेव्हाही.

पुढचे दोन दिवस आम्ही बघायचं ते सगळं बघितलं. पौर्णिमेला सम गावच्या वाळूत मांगणियार गवयांचं गाणं ऐकलं. कमायचा वाजवणाऱ्याचा गज तारांवरून फिरताना इतक्या जवळून पाहिला की घोड्याचे केस सुटून उडताना दिसत होते. पण आप्पांनी घरी फोन करून सांगितलं ते एवढंच, की इथल्या एका माणसाला फेटा बांधला.

निघायच्या दिवशी माणक चौकाजवळ त्यांनी स्वतः घासाघीस करून एक साफा घेतला. आता संध्याकाळी माझा मुलगा टोक धरतो आणि हे त्याच्या डोक्यावर सराव करतात. पोरगं कंटाळतं, पण चिक्की मिळते म्हणून बसतं.

आप्पांचा एक निरोप आहे, तो मुद्दाम लिहायला सांगितलाय. तुरा पडला तो कापडामुळे. तुमचं कापड मऊ, खळ नसलेलं. बांधण्यात चूक नव्हती. पुढच्या माघात ते कडक फेटा घेऊन येणार आहेत, डोकं तेवढं तयार ठेवा.

तुमची,
आप्पांची थोरली